वानोळा : एका घरात न मावणारे पदार्थ

शेतातल्या नव्या ज्वारीची चार कणसे, परसातले पहिले पडवळ, झाडावरचे पाडाचे आंबे, व्यालेल्या गाईचा चीक अशा नव्या जिनसांतला थोडा भाग आप्तेष्टांकडे आणि शेजारी पाठवायचा, याला मराठीत वानोळा किंवा वानवळा म्हणतात. हा शब्द शेतीच्या जगातला आहे आणि शहरी बोलीतून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. रीत मात्र शहरातही टिकून आहे. दिवाळीत जिन्यावरून खाली-वर जाणारी फराळाची ताटे, संक्रांतीला कार्यालयात फिरणारा तिळगुळाचा डबा, मे महिन्यात कोकणातून आलेल्या पेटीतले चार-चार आंबे ही तिचीच रूपे होत.

वानोळ्याकडे सहसा औदार्य किंवा शेजारधर्म म्हणून पाहिले जाते. तो त्याहून अधिक काही आहे. महाराष्ट्रातील ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या पदार्थांची यादी केली, तर त्यांतले बरेचसे एका घरापुरते करताच येत नाहीत, असे दिसते. काही जिनसा एकदम आणि भरपूर येतात व लगेच नासतात. काही पदार्थांना चार हातांची गरज लागते. काहींना इतके जिन्नस लागतात की ते सारे एका परसात पिकत नाहीत. म्हणजे वाटप ही या पदार्थांच्या कृतीतलीच एक पायरी आहे. ही पायरी गळाली की काही वर्षांत पदार्थही गळतो.

देण्याचे शब्द

अन्न देण्याघेण्याचे किती प्रकार या समाजाने वेगळे ओळखले होते, हे शब्दांवरून कळते. वानोळा म्हणजे नव्या पिकातला वाटा. वाण म्हणजे व्रत वा सणाच्या निमित्ताने ठरलेली वस्तू देणे. संक्रांतीला सवाष्णींना देतात ते वाण, आणि अधिक महिन्यात जावयाला देतात ते ३३ अनारशांचेही वाणच. शिधा म्हणजे न शिजवलेले अन्न: तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, तूप, घेणाऱ्याने आपल्या चुलीवर शिजवून घ्यावे असे. शिदोरी प्रवासाला निघालेल्याच्या हाती द्यायची.

खिरापत हा शब्द मुलींच्या भोंडल्याशी किंवा हादग्याशी कायमचा जोडला गेला आहे. आश्विनात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गाणी झाली की यजमान घरातला झाकलेला डबा पुढे येतो आणि आत काय आहे, ते इतरांनी ओळखायचे. जिची खिरापत ओळखू येत नाही, तिची सरशी. अनेक पिढ्यांच्या मुली या खेळातून नवे पदार्थ चाखायला आणि नाव घेऊन ओळखायला शिकल्या.

या व्यवहाराचा सर्वांत पक्का नियम मात्र शब्दांत नसून भांड्यात आहे. आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही. देण्यासारखे काही नसेल तर त्यात चमचाभर साखर किंवा मूठभर तांदूळ घालायचे. त्यामुळे हिशेब कधीच पूर्ण फिटत नाही, आणि भांड्यांची ये-जा थांबत नाही.

जे साठवता येत नाही

पहिला गट नाशवंत जिनसांचा. गाय किंवा म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. वासराचे पोट भरल्यावरही तो उरतो, आणि साध्या दुधासारखा तापवायला जावे तर थिजतो. म्हणून त्यात साधे दूध, गूळ आणि वेलदोडा किंवा जायफळ घालून तो वाफवतात, तोच खरवस. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात दुधाचे प्रमाण बरेच वाढवावे लागते, आणि तांब्याभर चिकातूनही मोठे पातेलेभर खरवस होतो. गोठा असलेल्या घरातून चीक शेजारी जाई, तो यामुळेच. शहरात आज दुग्धालयांत खरवसाच्या वड्या विकत मिळतात. त्यांतल्या काही चिकाऐवजी दुधाची भुकटी आणि घट्ट करणारे पदार्थ वापरून केलेल्या असतात.

फणसाची गोष्टही तशीच. झाडावरून उतरवलेला दहा-पंधरा किलोचा फणस घरात पिकला की त्याचा वास आळीभर जातो आणि तो लपवता येत नाही. हाताला आणि सुरीला तेल लावून तो फोडायचा, चीक पुसायचा, गरे सोडवायचे. कापा असेल तर गरे खायला, बरका असेल तर रसाची साटे घालायला. एकदा फोडलेला फणस तीन-चार माणसांचे घर संपवू शकत नाही. म्हणून फणस फोडणे हा कोकणात कधीही एकट्याचा उद्योग नव्हता.

चैत्रगौरीची आंबेडाळ दिसायला साधी आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, भरड वाटायची, कैरीचा कीस, मीठ, किंचित साखर घालायची आणि वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी द्यायची. डाळ शिजवलेली नसते, ओली असते, आणि दिवस चैत्र-वैशाखाच्या उन्हाचे असतात. दुपारी केलेली डाळ रात्रीपर्यंत आंबते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात प्रत्येक घर आपापल्या सोयीचा दिवस निवडून हळदीकुंकू करते, आणि त्या संध्याकाळी डाळ, पन्हे व भिजवलेले हरभरे येणाऱ्यांच्या हाती पडतात. महिनाभर पाळी फिरत राहिल्याने एका घरावर भार येत नाही आणि प्रत्येकीला ही डाळ ताजी मिळते. आंबेडाळ दुकानाच्या फळीवर टिकत नाही. ती मिळते ती कोणी तरी केली आणि बोलावले म्हणूनच.

थंडीतील हुरडाही वेळेशी बांधलेला आहे. रब्बी ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो आणि अजून टणक झालेला नसतो, तेव्हाच तो हुरड्याला योग्य. एका शेतात ही अवस्था फार तर आठ-दहा दिवस टिकते. शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यात भाजायची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत तिळाची किंवा दाण्याची चटणी, दही, गूळ. हुरडा गार झाला की चव गेली. म्हणून तो कोणाच्या घरी पाठवता येत नाही. माणसांनाच शेतावर बोलवावे लागते. गूळभेंडी आणि सुरती ही यासाठी नावाजलेली पारंपरिक वाणे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' ही वाणे खास हुरड्यासाठी विकसित केली आहेत.

रायगड जिल्ह्यात याच दिवसांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा पाला, आत वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, खडे मीठ. हवे तर बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर सारे शिजते. एका मडक्याभोवती दहा-बारा माणसे बसतात. दोघांसाठी पोपटी लावलेली कोणी पाहिली नसेल.

ज्याला चार हात लागतात

दुसरा गट श्रमाचा आहे. उन्हाळ्यातील वाळवणात कुरडई सर्वांत कठीण. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचे पाणी ओतून तो मीठ-हिंग घातलेल्या आधणात शिजवायचा. गुठळी होऊ न देता घोटत राहणे हे एकीचे काम. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबणे दुसरीचे. गच्चीवर कापड अंथरून, ऊन चढण्याच्या आत कुरडया घालत जाणे तिसरीचे. कावळ्या-चिमण्यांवर लक्ष ठेवणे मुलांचे, आणि त्या बदल्यात त्यांना वाटीभर गरम चीक, साखर-दूध घालून किंवा तसाच. एका बाईने हे सारे करायचे म्हटले तर चीक पातेल्यातच गार होतो. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पाळ्या लावून वाड्यातली वाळवणे होत असत.

या सामाईक गच्चीतूनच एक मोठा उद्योग उभा राहिला. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. हीच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था झाली. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. उन्हात एकत्र बसून लाटण्याची घरगुती रीत या बायकांच्या अंगवळणी होती. तिचे मोल पैशात होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

दिवाळीची करंजीही सामाईक श्रमाचीच. पारी लाटून ठेवली तर सुकते, भरलेली करंजी उघडी राहिली तर तडकते आणि तळताना फुटून सारण तुपात पसरते. तेव्हा एकीने लाटायचे, दुसरीने भरायचे, तिसरीने कातणाने कापून ओल्या कापडाखाली ठेवायचे, चौथीने तळायचे. करंज्यांना शेजारणींना हाक मारण्याची पद्धत यातून आली. अनारशाला हात कमी लागतात, पण दिवस अधिक: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून दमट असतानाच कुटायचे, पिठात गूळ मिसळून ते काही दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. मिश्रणात थोडे जरी चुकले तरी अनारसा तुपात विरघळून पसरतो. याला 'अनारसा हसला' म्हणतात. तो का हसला, हे बहुधा शेजारची अनुभवी बाईच सांगू शके.

ही विद्या पुस्तकांत आलेली नाही असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आले, आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप देऊन सासर-माहेरच्या स्वयंपाकघरापासून दूर, नोकरीच्या गावी संसार मांडणाऱ्या मुलींची मोठी सोय केली. परंतु चिकाचा घट्टपणा किंवा पाकाची तार डोळ्यांनी आणि बोटांनी शिकावी लागते. ज्या गच्चीवर मदतीला म्हणून मुली जात, तीच त्यांची शाळाही होती.

अनेक परसांची भाजी

तिसऱ्या गटातील पदार्थांना अनेक घरांचे जिन्नस लागतात. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषीची भाजी करतात. बैलाच्या श्रमाचे काही या दिवशी खायचे नाही, असा संकेत आहे. त्यामुळे शेतात नांगरून पिकवलेल्यापेक्षा परसात, कुंपणावर, बांधावर आलेल्या भाज्यांना मान: अळू, माठ, अंबाडी, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस. तेल-मसाला जवळजवळ नाही. आंबटपणापुरती चिंच किंवा अंबाडी. एका परसात हे सारे क्वचितच असते. एकीच्या वेलाचे पडवळ दुसरीकडे आणि तिच्याकडचे अळू हिच्याकडे आले, की दोघींचीही भाजी पुरी होते. आज मुंबई-पुण्याच्या मंडईत या भाज्यांचा एकत्र वाटा बांधून मिळतो. भाजीवाली तेच काम करते, जे पूर्वी कुंपणावरून होत असे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हे ऋषीच्या भाजीचे हिवाळी भावंड. हरभऱ्याचे ओले घाटे, पावटा, वाल, वांगे, गाजर, बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि तिळाचे कूट असे जे शेतात उभे असेल ते एकत्र शिजते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी. या भाजीच्या कढईत त्या पंधरवड्यातले सारे पीक उतरलेले असते. आज शहरी मुलांना हरभऱ्याचा घाटा आणि वाटाण्याची शेंग यांतला फरक कळतो तो बहुधा या एकाच दिवशी.

पावसाळ्यातल्या रानभाज्या या साखळीचा आणखी एक दुवा आहेत. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली आणि पहिल्या पावसासरशी उगवणारी शेवळे. ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी स्त्रिया या भाज्या रानातून खुडून उपनगरी रेल्वे स्थानकांबाहेर वाटे मांडून विकतात. शेवळे नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. त्यांच्यासोबत काकड नावाची आंबट फळे किंवा चिंच घालावी लागते. जाणत्या विक्रेत्या शेवळांच्या जुडीबरोबर काकडे देतात आणि भाजी कशी करायची, तेही सांगतात. इथे भाजीबरोबर ज्ञानाचाही वानोळा हाती येतो.

सामाईक अन्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत ठाम रूप म्हणजे गोपाळकाला. प्रत्येक गोपाळाने आपली शिदोरी आणायची आणि साऱ्या एकत्र कालवायच्या, म्हणजे कोणाची कोणती ते उरत नाही. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूर येथे काल्यानेच होते. लाह्या, पोहे, दही, लोणचे असे साधे पदार्थ वारकरी परस्परांच्या मुखी घालतात.

चूल न पेटलेले घर

वानोळ्याचे खरे महत्त्व आनंदाच्या दिवसांपेक्षा अडचणीच्या दिवसांत कळते. ज्या घरी मृत्यू झाला, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. पिठले-भाकरी किंवा वरण-भात नातलगांच्या वा शेजारच्या घरून येतो; काही भागांत त्याला 'कडू घास' म्हणतात. पुढे वर्षभर त्या घरात सण साजरे होत नाहीत. दिवाळीत तिथे कढई चढत नाही, म्हणून आप्त आणि शेजारी फराळाचे डबे घेऊन जातात. रीतीनुसार घराने गोड करायचे नाही, पण घरातल्या मुलांच्या हातावर करंजी पडावी, अशी ही व्यवस्था. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला दोदोल, नेवऱ्या, बिबिंक अशा गोड पदार्थांचे तबक शेजारी पाठवण्याची प्रथा आहे, आणि तिथेही दुखवट्याच्या घरात गोडधोड होत नसल्याने त्या घराला शेजारचे तबक आवर्जून पोचते. धर्म वेगळे असले तरी युक्ती एकच.

बाळंतिणीसाठी माहेरून येणारे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शिकायला शहरात आलेल्या मुलासाठी गावाकडून एसटीच्या गाडीने येणारा डबा, एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्याला पुरणपोळी करून नेऊन देणे हे याच कुळातले. सणाच्या दिवशी करण्याची ताकद, जागा किंवा मनःस्थिती नसलेली घरे प्रत्येक आळीत असतात. त्यांच्या दारी ऋतू पोचतो तो दुसऱ्याच्या भांड्यातून.

वाटेबाहेरची घरे

तथापि, ही भांडी सर्व दारांवरून कधीच फिरली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. हळदीकुंकवाला सवाष्णींनाच बोलावण्याच्या रूढीमुळे विधवांना आंबेडाळ आणि तिळगूळ मिळे, तो मागच्या दाराने किंवा दुसऱ्या दिवशी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. अनेक शहरी सोसायट्या आणि महिला मंडळे आता सर्व स्त्रियांना हळदीकुंकवाला बोलावतात. संकोच पुरता गेलेला नाही. बोलावणे मात्र जाऊ लागले आहे.

जातीची भिंत त्याहून जाड होती. शिजवलेले अन्न कोणी कोणाकडून घ्यायचे, याचे कडक नियम होते. वरच्या मानलेल्या घरातून खाली अन्न जाई. उलट दिशेने येत नसे. गावगाड्यात महार-मांग कुटुंबांना सणाच्या दुसऱ्या दिवशी मिळणारे शिळे तुकडे हे वाटप नव्हते. ती लाचारी होती. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाने आणि त्यानंतरच्या दलित साहित्याने हे वास्तव मराठी वाचकांपुढे ठेवले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजांच्या पदार्थांची तपशीलवार नोंद आहे. मराठी पाककृतींच्या मुख्य प्रवाहातील पुस्तकांत या पदार्थांना जागा मिळाली नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुधारकांनी जी सहभोजने घडवली, ती 'रोटीबंदी' मोडण्यासाठीच होती. शेजारच्या घरातून आलेला डबा निःशंकपणे उघडून खाणे ही आज अनेकांना सहज वाटणारी गोष्ट आहे, पण त्यामागे मोठा संघर्ष आहे.

म्हणूनच ईदेला मुस्लिम शेजाऱ्याकडून आलेला शीरखुर्मा आणि दिवाळीत त्याच भांड्यातून परत गेलेली चकली याला केवळ सौजन्य म्हणता येत नाही. कोणाचे भांडे कोणाच्या ओट्यावर येते, यावरून वस्तीची खरी वीण कळते.

शहरातला वानोळा

शहरात या व्यवहारापुढे तीन अडचणी आल्या. कुटुंब तीन-चार माणसांचे झाले, घरातील सर्व प्रौढ नोकरीला जाऊ लागले आणि शेजारी दर दोन-तीन वर्षांनी बदलू लागला. परिणामी पदार्थांची विभागणी झाली. जे टिकतात आणि विकता येतात, ते बाजारात गेले: चकली, चिवडा, शंकरपाळे, तिळगूळ, मोदकसुद्धा. बचतगट आणि घरगुती व्यावसायिक स्त्रियांना यातून चांगले उत्पन्न मिळते. फराळ कुरियरने परदेशी जातो. हुरड्याचे कृषी पर्यटन झाले. माणशी पैसे भरून शेतावर जायचे. शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला, ही जमेची बाजू आहे. परंतु जे टिकत नाही आणि विकता येत नाही, त्याला बाजाराचा आधार नाही. आंबेडाळ, कुरडईचा गरम चीक, घरची ऋषीची भाजी, आषाढात तळायच्या कापण्या हे पदार्थ केवळ 'कोणी तरी आपल्याला देते' या एका दोरावर लोंबकळत आहेत.

यावर अनेक घरांनी व्यवहारी तोडगे काढलेले दिसतात. दिवाळीत पाच घरांनी पाच पदार्थ वाटून घ्यायचे. एकीने फक्त चकल्या, दुसरीने फक्त लाडू, आणि शेवटी पाचही डब्यांत पाचही पदार्थ. कष्ट एका पदार्थाचे, ताट पाचांचे. सोसायटीच्या गच्चीवर जानेवारीतल्या एका रविवारी भोगीची भाजी, प्रत्येकाने एक जिन्नस निवडून-चिरून आणायचा. मे महिन्यात एकच सकाळ ठरवून पापड्यांचे वाळवण. यांत पुरुष आणि मुलेही हात लावू लागली आहेत, हा बदल स्वागतार्ह आहे. कारण जुन्या वानोळ्याचा सारा भार एकट्या बाईच्या मनगटावर होता.

काही साध्या पथ्यांची जोड मात्र द्यावी लागते. आंबेडाळ केल्यानंतर दोन-तीन तासांत वाटावी, अन्यथा शीतकपाटात ठेवावी. खरवसाचा चीक कच्चा चाखू नये; तो नीट वाफवूनच द्यावा. डब्यात शेंगदाणे, तीळ, काजू असतील तर तसे सांगावे, कारण काहींना त्यांचे वावडे जिवावर बेतू शकते. मधुमेही घरात गोडाऐवजी कडबोळी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या द्याव्यात. आणि रानभाजी वाटायची असेल, तर ती कशी शिजवायची हे लिहून डब्यासोबत द्यावे.

उरतो प्रश्न प्रमाणाचा. आजच्या पाककृतींच्या सुरुवातीला 'चार माणसांसाठी' असे माप दिलेले असते, आणि घरे त्या मापाने शिजवतात. जुन्या घरांतले माप घरातली माणसे अधिक दोन डबे असे असे. ते दोन डबे कोणाचे, हे पदार्थ झाल्यावर ठरे. कधी ते नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूकडे जात, कधी आजारी शेजाऱ्याकडे, तर कधी ज्याच्याशी अबोला होता त्याच्याकडेही. ऋतूचा पदार्थ टिकवायचा असेल, तर कृती लिहून ठेवणे पुरेसे नाही. मापात ते दोन डबे पुन्हा धरावे लागतील.